बसून वाजवायचं वाद्य

बस्त्याव मास्तर दिसायला कलावंत अजिबात नव्हते. पोस्टातून निवृत्त झालेल्या एखाद्या कारकुनासारखे दिसत. उंच, किडकिडीत, खांद्यात वाकलेले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, काळी पँट, आणि शहाद्याच्या वैशाखातल्या उन्हातसुद्धा पायांत मोजे. डोक्यावर एक जुनी फेल्ट हॅट असायची. बाईमाणूस समोर आलं की ते ती दोन बोटांनी किंचित उचलत. आमच्या गल्लीतल्या बायकांना पहिले काही दिवस वाटलं, या माणसाच्या डोक्यात उवा झाल्यात.

मी तेव्हा शहाद्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. आईला घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून मास्तरांची एकच खोली होती. नंदुरबार नावाचा वेगळा जिल्हा होईल असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आम्ही सगळे पश्चिम खानदेशातले, आणि साहेबाची सही हवी असली की धुळ्याला जाणारे.

मास्तरांचं खरं नाव सेबॅस्तियन. त्यांच्या गोव्याकडे त्याचं बस्त्यांव होतं, आणि शहाद्यात त्याचा बस्त्याव मास्तर झाला. त्यांना आमच्याकडे आणलं हिरामणनं. हिरामणचं लग्नातलं बँड होतं, आणि बँडात शिंग फुंकणाऱ्यापासून ढोल बडवणाऱ्यापर्यंत सगळे त्याच्याच नात्यागोत्यातले. तो एकदा मुंबईला जुनी वाद्यं घ्यायला गेला असताना वाद्यांच्या दुकानात मास्तर भेटले. हा माणूस कागदावर सूर लिहून देतो आणि ज्याच्या त्याच्या वाटणीचं वेगळं लिहून देतो, एवढं कळल्यावर हिरामण त्यांना एका लग्नसराईपुरतं म्हणून घेऊन आला. मास्तर राहिले ते मरेपर्यंत.

मुंबईत ते एका मोठ्या वाद्यवृंदात चेलो वाजवत. तिथून का निघाले, बायको होती की नव्हती, गोव्यात कोण आहे, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मला चौकशांची फार हौस, म्हणून मी एकदा विचारून पाहिलं. म्हणाले, "खुर्च्या कमी झाल्या, बाय." पुढं विचारायची सोयच ठेवली नाही.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. चांगला शाळेत जाणाऱ्या पोराएवढा मोठा. खुर्चीवर बसायचं, तो दोन गुडघ्यांमध्ये उभा धरायचा, डाव्या हाताची बोटं तारांवर दाबायची आणि उजव्या हातानं गज ओढायचा. आवाज जाड आणि जवळचा. शेजारच्या खोलीत घरातलं वडीलधारं माणूस हळू आवाजात बोलत असावं, तसा. या चेलोची काळी पेटी नंदुरबारच्या स्टेशनवर उतरली तेव्हा एसटीचा कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. मास्तर म्हणाले, मग मीही टपावर बसतो. ते नियमात बसेना. म्हणून नंदुरबारहून शहाद्यापर्यंत पेटी आणि मास्तर बैलगाडीनं आले, आणि हिरामण त्यांच्या आधी एक दिवस एसटीनं येऊन सगळ्यांना सांगत बसला की मोठा माणूस येतोय.

पेटी उघडल्यावर मात्र हिरामणचं तोंड उतरलं. त्यानं वाद्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "मास्तर, हाई बाजं चालस नही. हाई तं बठीसनच वाजस." त्याची अडचण खरी होती. आमच्या खानदेशात वाद्य म्हणजे पायांनी चालणारं. लग्न असो, मिरवणूक असो, कुणाला शेवटचं पोचवायचं असो, वाजवणारा पुढं चालतो आणि माणसं मागं. बसून एका माणसानं वाजवायचं आणि बाकीच्यांनी बसून ऐकायचं, याला शहाद्यात सवडही नव्हती आणि गिऱ्हाईकही नव्हतं. मास्तर म्हणाले, "हे तुमच्या बँडासाठी नाही. हे माझं." आणि पेटी बंद केली.

बँडाला मात्र त्यांनी शिस्त लावली. पहिला महिनाभर एकही गाणं वाजवू दिलं नाही. सगळ्यांनी मिळून एकच सूर धरायचा, तो फाटला की पुन्हा. हिरामणचा एक चुलतभाऊ कंटाळून म्हणाला की याच्यापेक्षा म्हशी बऱ्या, त्या निदान दूध देतात. पण त्या वर्षीच्या लग्नांत हिरामणचं बँड लांबून ओळखू यायला लागलं. तळोद्यापासून सुपाऱ्या आल्या, आणि चुलतभाऊ मास्तरांना वाकून नमस्कार करायला लागला.

मास्तरांच्या सवयी भिंतीपलीकडून मला पाठ झाल्या होत्या. सकाळी उठले की हात धुणार, पुसणार, मग पुन्हा धुणार, आणि मगच पेटीला हात लावणार. रविवारी डाव्या हाताची नखं कापणार, उजव्या हाताची नाही कापली तरी चालतील. शुक्रवारी सुकट भाजणार. त्या वासानं माझी आई पहिल्या वर्षी पदर नाकाला लावून अंगणात जाऊन बसे. दुसऱ्या वर्षी ती त्यांना आमसुलाचं सार पाठवायला लागली, कारण "नुसतं कोरडं खातो मेला, घशात अडकेल." मास्तर वाटी परत करताना ती घासून, पुसून, वर एक फूल ठेवून करत. आईला याची इतकी सवय झाली की फूल नसलं तर ती म्हणे, आज मास्तरांची तब्येत बरी नाही वाटतं.

एकदा ब्राह्मणपुरीच्या एका मोठ्या गुजर घरातलं लग्न होतं. वरबापानं कुठून तरी ऐकलं होतं की हिरामणकडे एक भलं मोठं वाद्य आहे आणि ते कुणाच्या लग्नात अजून वाजलेलं नाही. त्यानं हट्टच धरला. वाद्य चालत नसेल तर गाडीत बसवा म्हणाला. बैलगाडी सजवली, तिच्यावर सतरंजी, सतरंजीवर खुर्ची, खुर्चीचे पाय दोरानं बांधलेले. मास्तर नको नको म्हणत होते, पण हिरामणचा शब्द गेला असता, म्हणून चढले. गाडी निघाली. त्या रस्त्याच्या गचक्यांनी पहिल्याच सुराला गज तारेवरून घसरून त्यांच्या गुडघ्यावर आला. दुसऱ्यांदा तेच. पोरं हसायला लागली. मास्तरांनी गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरले, वरबापाला हॅट उचलून नमस्कार केला आणि चेलो खांद्यावर घेऊन शेतांच्या रस्त्यानं शहाद्याकडे चालू लागले. हिरामण मागं धावला तेव्हा ते चिडलेले नव्हते. म्हणाले, "हे बसून वाजवायचं, आणि ऐकणाऱ्यानंही बसायचं. चालत्या माणसाला याचं काम नाही." हिरामणनं ती गोष्ट सगळ्या गावाला सांगितली, आणि पुन्हा कुणी मास्तरांना वरातीत बोलावलं नाही.

त्यानंतरच्या दसऱ्याला मात्र हिरामणनंच घात केला, आणि तोही भक्तीनं. दसऱ्याला बँडवाले वाद्यांची पूजा करतात. पितळ चिंच आणि राखेनं घासायचं, चामडं तेलानं पुसायचं, मग हळदकुंकू, झेंडूची माळ. मास्तर त्या दिवशी प्रार्थनेसाठी नंदुरबारला गेले होते. हिरामणला वाटलं, सगळ्यांची पूजा होते आणि मास्तरांचं वाद्य तेवढं कोरडं राहतं, हे बरं नाही. त्यानं खोलीतून पेटी आणली आणि चेलो तिळाच्या तेलानं असा चोळला की पैलवान लाजावा. गजाचे केस त्याला फारच रूक्ष वाटले, म्हणून त्यांनाही तेल लावून वेणीसारखे चोपडले.

आता गजाला असतात घोड्याच्या शेपटीचे केस. त्यांना राळ घासलेली असते, म्हणून ते तारेला धरतात आणि सूर निघतो. केसांना तेल लागलं की गज संपला. मास्तर परत आले, पाहिलं, खुर्चीवर बसले. कुणी केलं म्हणून विचारलं. हिरामणनं छाती पुढं काढून सांगितलं, मीच. मास्तर म्हणाले, "छान चमकतोय." लाकूड त्यांनी आईनं दिलेल्या बेसनानं कितीतरी दिवस पुसून काढलं. काय झालं ते कळल्यावर हिरामण दोन दिवस जेवला नाही. शेवटी मास्तरच त्याच्या घरी जाऊन त्याच्या ताटात जेवले.

घोड्याचे केस मिळवायचे तर आमच्या भागाइतकी चांगली जागा कुठली? दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांची जत्रा भरते. मास्तर आणि हिरामण गेले. मास्तर पांढऱ्या घोड्यांच्या मागं मागं शेपट्या निरखत फिरायला लागले, आणि एका शेपटीला त्यांनी हात घातला. एवढ्यावर तिथं ओरडा झाला. काळी पँट घातलेला, हॅटवाला, कुणीतरी परका माणूस घोड्याचा केस मागतो म्हणजे करणी करणारच. घोडेवाल्यानं चाबूक काढला. हिरामण मधे पडला, वाद्य असतं, त्याला केस लागतात वगैरे सांगू लागला, पण ते इतकं खोटं वाटत होतं की गर्दी आणखी वाढली. अखेर एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं तोडगा काढला. उपटायचा नाही, कापायचा नाही. खरारा करताना, शेपटी विंचरताना जो केस आपणहून गळेल, तो घ्या. दुसरा कुणी असता तर हात जोडून परत आला असता. मास्तर जत्रा संपेपर्यंत घोड्यांच्या मागं बसून राहिले. घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांनी शेपट्या विंचरल्या की खाली वाकून पांढरे केस उचलत. शेवटी शेवटी मोतद्दारच त्यांना हाक मारून केस द्यायला लागले.

मास्तरांनी ते केस आणले रुमालात बांधून, नुसता गुंता. तो गुंता सोडवायला बसली कस्तुरा.

कस्तुरा हिरामणची थोरली मुलगी. म्हसावदला दिली होती. मूल होत नव्हतं, सासूशी पटत नव्हतं, आणि नवरा आत्माराम आईच्या शब्दाबाहेर नव्हता. एक दिवस त्यानं तिला माहेरी आणून सोडलं आणि परत न्यायला कुणी आलं नाही. फारकत नाही, बोलावणं नाही. अशा मुलीचं काय होतं ते सांगायला नको. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती बापाच्या घरात राबे आणि कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे. मास्तरांचं जेवणाचं ताट तीच आणायची. ती आलेली मला कळायची नाही, ताट ठेवल्याचा आवाज यायचा तेवढाच.

तिनं ते केस सुपात पसरले आणि तांदूळ निवडावे तसे निवडले. आखूड वेगळे, चिरलेले वेगळे, जाड-बारीक वेगळे. मास्तर बघत राहिले. त्यांनी गज बांधला. राळ संपली होती, तर तोरणमाळहून बाजाराला उतरणाऱ्या एका पावरा आदिवासी म्हाताऱ्याकडून सालईचा डिंक घेतला, तापवून गाळून त्याची वडी केली आणि ती केसांना घासली. मग गज तारेवर ठेवून ओढला. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच ती खोली बोलली. कस्तुरा दारात ताट घेऊन उभी होती. ती ताट खाली ठेवायची विसरली आणि म्हणाली, "मास्तर, मी वाजाडी देखू का?"

ती कुणाकडे काही मागतेय हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

गावात बोभाटा व्हायचाच तो झाला. परपुरुषाच्या खोलीत, हे एक, म्हणून मास्तरांनी खुर्च्या बाहेर ओट्यावर मांडल्या, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांसमोर. मग बसण्यावरून सुरू झालं. चेलो धरायला गुडघे फाकवून बसावं लागतं. हिरामणची बहीण येऊन म्हणाली, "बाईमानुसनी आसं बठनं चांगलं दिखस का?" हिरामण डळमळला. तेव्हा माझी आई, जी सहसा दुसऱ्याच्या भांडणात पडत नसे, ओट्यावर येऊन म्हणाली, "पहाटे जात्यावर दळायला बसते तेव्हा कशी बसते ती? तेव्हा कुणी उठून गेलं नाही. पीठ तेवढं खाता." कस्तुरानं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि जात्याशी बसावी तशी चेलोशी बसली.

मला गाण्यातलं फारसं कळत नाही. पण एका माणसाचं तोंड बदलताना मी पाहिलं. चार-पाच वर्षं ती शिकली. मास्तरांनी तिला कागद वाचायला शिकवलंच नाही. ते वाजवत, ती ऐकून उचले. चुकली की ते रागावत नसत, नुसता डोळ्यांनी नकार देत, आणि ती पुन्हा पहिल्यापासून. एकट्या चेलोसाठीची एक जुनी, अगदी संथ गत होती. तिला ना हार्मोनियमची साथ, ना तबल्याची. ती मास्तरांना फार प्रिय. त्यांनी ती कस्तुराला शेवटी द्यायला घेतली, आणि देता देता त्यांची स्वतःची बोटं गेली. सांधे धरले. आधी करंगळी वाकेना, मग बाकीची. वैद्य झाले, डॉक्टर झाले, आईचा निरगुडीचा शेक झाला. एके दिवशी त्यांनी गज कस्तुराच्या हातात दिला तो परत घेतलाच नाही. त्यानंतर त्यांना चेलो ऐकायचा असला तर तो तिच्याच हातून. यापलीकडे त्या माणसाजवळ जगात काही नव्हतं, आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, माझ्या शाळेच्या पडवीत तिनं ती गत अख्खी वाजवली. मुली होत्या, आई होती, हिरामणचं सगळं बँड गणवेश घालून सतरंजीवर मांडी घालून बसलं होतं. वाजवताना कस्तुराची मान ताठ होती. मास्तर मागं भिंतीशी बसले होते आणि मांडीवर हॅट गोल गोल फिरवत होते. संपल्यावर टाळ्या वाजवायच्या असतात हे कुणाला सुचलं नाही. हिरामण उठला आणि लेकीच्या पाया पडायला गेला. तिनं त्याला मधेच धरलं. मी मुलींना रांगेत उभं करण्याच्या निमित्तानं बाहेर गेले.

त्याच वर्षी म्हसावदहून माणसं आली.

सासरे, आत्माराम आणि दोन पंच. सासूला अर्धांगाचा झटका आला होता, ती अंथरुणाला खिळली होती. घरात बाई नाही. आत्माराम मान खाली घालून बसला होता, वाईट माणूस वाटत नव्हता, नुसता ओशाळलेला. सासरे म्हणाले, झालं गेलं विसरा, सून घरी न्यायला आलोय. हिरामणच्या घरात आनंदीआनंद. टाकलेली लेक पुन्हा नांदायला जाते याच्याहून मोठं भाग्य कुठलं? त्याच्या बायकोनं लगेच शिरा करायला घेतला. कुणाच्या मनातही आलं नाही की यात कुणाचं काही हिरावलं जातंय. मी आणि आई बायकांत बसलो होतो. मास्तर दाराजवळ, खुर्ची दिली होती तिच्यावर.

त्यातल्या त्यात एक पंच शहाणा होता. म्हणाला, पोरलेबी इचारा. हिरामणनं तिला पुढं बोलावलं. "कस्तुरा, तुन्ही काय मरजी शे?"

ती पदराला हात पुसत पुढं आली. मग तिनं सरळ मास्तरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मास्तर सांगतीन तसं."

सगळ्या अंगणाच्या माना वळल्या. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. एक शब्द पुरे होता. हिरामण त्यांचं ऐकायचा, देवाचं ऐकणार नाही इतकं. मास्तर उठले. हॅट काढून छातीशी धरली. त्यांची वाकडी झालेली बोटं हॅटच्या कडेवर नीट बसत नव्हती.

"जा, बाय," ते म्हणाले. "घर आहे, जा."

ती हो म्हणाली. आत गेली आणि शिरा ढवळायला लागली.

मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी राहवेना. ओट्यावर जाऊन विचारलं, असं का केलंत? तुम्ही राहा म्हटलं असतं तर ती राहिली असती. मास्तर म्हणाले, "राहिली असती. म्हणूनच नाही म्हटलं." मग म्हणाले, "मी किती दिवस, बाय? माझ्या मागं ती या ओट्यावर कुणासाठी वाजवणार? या वाद्यानं माझं घर झालं नाही. तिचं कसं होईल?"

मला ते तेव्हा पटलं नाही. आज माझं वय त्यांच्याहून जास्त झालं आहे, आणि आज पटतं असंही नाही. कुणाचं घर कशानं होतं हे दुसऱ्यानं ठरवू नये. पण त्यांनी जे केलं ते स्वतःसाठी केलं नाही, एवढं मी त्यांच्या पदरात घालते.

कस्तुरा गेली त्या दिवशी बँड वाजलं. मास्तरांनी ती संथ गत मोडून शिंगं आणि क्लॅरिनेटला वाटून दिली होती, चालत वाजवता येईल अशी. ज्या माणसानं चेलोचं काही कधी चालत्या बँडाला दिलं नाही, त्यानं हे केलं. वेशीपर्यंत ते स्वतः बँडाबरोबर चालले. आजही शहादा-तळोद्याकडच्या लग्नांत मुलगी निघते तेव्हा एखादं बँड ती चाल धरतं. जुनी खानदेशी चाल आहे असं लोक सांगतात. मी कुणाला दुरुस्त करत नाही.

मास्तर त्यानंतर दोन उन्हाळे जगले. दुसऱ्या उन्हाळ्यात ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. मिशनच्या दफनभूमीपर्यंत हिरामणचं बँड गेलं, पण वाजवलं नाही, वाद्यं हातात धरून नुसतं चाललं. चेलो हिरामणनं आपल्या घरी ठेवला. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, नुसत्या फुलांची. पुढं हिरामण गेला, मुलं पांगली, आणि वाळवीनं त्याचं काय केलं ते मी बघायला गेले नाही.

पण मला मास्तर दिसतात ते तापातले नाहीत. ते जायच्या आधीच्या थंडीत ते एक दिवस माझ्या दारात आले, हॅट उचलली आणि म्हणाले, म्हसावदला येता का? एकट्यानं गेलो तर तिला बरं दिसायचं नाही. रविवारी आम्ही दोघं एसटीनं गेलो. मास्तरांनी मोजे धुतलेले घातले होते.

घर शेतकऱ्याचं, नीटनेटकं. ओसरीवर सासू खाटेवर होती. कस्तुरानं तिला टेकून बसवलं होतं आणि तिची वेणी घालून दिली होती. आत्माराम शेतात होता. कस्तुरा आम्हाला बघून हसली, पाणी दिलं, चहा टाकला. बरी दिसत होती. जरा अंगानं भरली होती. सासूनंच सांगितलं, जिभेच्या जडपणानं अडखळत, की ही आली म्हणून मी जिवंत शे. मास्तरांनी तिच्या तब्येतीची चौकशी केली, कपाशीची केली, विहिरीच्या पाण्याची केली. मग कस्तुरा चहाचे कप घेऊन आली तेव्हा ते म्हणाले, हात बघू.

तिनं कप ठेवला आणि डावा हात पुढं केला. मास्तरांनी तो उलटा केला आणि एकेका बोटाचं टोक आपल्या अंगठ्यानं दाबून पाहिलं. तारा दाबून दाबून चेलो वाजवणाऱ्याच्या त्या टोकांना घट्टे पडतात, हे मला तेव्हा त्यांनी सांगितलं नाही, मागाहून एसटीत सांगितलं. कस्तुराच्या तळहाताला घट्टे होते, विळ्याचे आणि विहिरीच्या दोराचे. बोटांची टोकं लहान मुलीसारखी मऊ झाली होती. त्यांनी हात हळूच सोडून दिला.

मग कस्तुरानं विचारलं, "मास्तर, तठे आते कोन वाजाडस?"

"मी," मास्तर म्हणाले. "रोज सकाळी."

त्यांनी चहाचा कप उचलला होता. बोटं वळत नव्हती, म्हणून तो दोन्ही तळव्यांमध्ये धरला होता, आणि तरीही चहा बशीत सांडत होता. कस्तुरानं त्या हातांकडे पाहिलं. मग मान हलवली आणि म्हणाली, "मंग बरं शे."

त्यांचा कप संपल्यावर तिनं न विचारता दुसरा आणून ठेवला, तो अर्धाच भरून.